रुखवतात मांडलेलं मुस्टरटूख

"आम्हाला बाकी काही नको हो, पण रुखवतात मुलीच्या हातचं एक तरी असू द्या," विहीणबाई स्काइपवर म्हणाल्या, आणि आमच्या ह्यांच्या तोंडाला जी खाज सुटली, तिच्यापायी पुढचं सगळं रामायण घडलं. मी आत कणीक मळत होते. बाहेरून ह्यांचा आवाज आला, "आहे ना! अवनीनं भरतकाम केलंय. चांगलं मोठं, जुन्या जर्मन पद्धतीचं. बघाल तर बघत राहाल."

अवनीनं! जिच्या शर्टाचं बटण तुटलं की नवा शर्ट येतो, त्या अवनीनं! मी कणकेच्या हातानं तशीच दारात येऊन उभी राहिले. ह्यांनी मला पाहिलं आणि मान स्क्रीनकडे वळवली. पलीकडे पुण्यात सुलेखाबाई, म्हणजे आमच्या होणाऱ्या जावयाची आई, कौतुकानं "अगं बाई, हो का?" म्हणत होत्या. तेव्हाच पुढे होऊन सांगायला हवं होतं की ते काम माझं आहे. पण व्याह्यांसमोर नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? मूग गिळून बसले.

आता हे भरतकाम म्हणजे नक्की काय ते सांगते, नाहीतर म्हणाल, एका कापडासाठी ही बाई एवढी का कावली. जुन्या काळी इकडे जर्मनीत मुली शाळेत टाके शिकायच्या आणि शिकलेलं सगळं एका कापडावर नमुन्यादाखल भरून ठेवायच्या. अक्षरं, आकडे, फुलं, हरणं, एखादं चर्च, खाली स्वतःचं नाव. पुढे सासरी चादरींवर, टॉवेलांवर अक्षरं घालायची झाली की हे कापड काढायचं आणि त्यावरून उतरवायचं. त्याला म्हणतात मुस्टरटूख. आमच्या इंगोलश्टाटमध्ये दर गुरुवारी भरतकामाचा एक गट जमतो. तो चालवणाऱ्या फ्राऊ लोइबल यांनी माझ्या हातात एक दिवस असंच एक मुस्टरटूख ठेवलं. आल्टम्यूल नदीकाठच्या एका गावातल्या छोट्या म्युझियमचं होतं. वालबुर्गा नावाच्या अकरा वर्षांच्या पोरीनं १८३४ साली भरलेलं. त्याची हुबेहूब प्रत करायची होती. आधी कागदावर नकाशा आणि मग कापडावर.

तीन वर्षं गेली माझी त्यात. हे कामावर गेले की मी खिडकीशी बसायची, कारण दिव्याच्या उजेडात रंग फसवतात. भिंगाखाली धागे मोजायचे, एका टाक्याला ग्राफ पेपरवर एक चौकट. वरच्या बाजूचं लाल उन्हानं उडून चहाच्या डागासारखं झालेलं, पण कापड उलटं केलं की तेच लाल कुंकवासारखं लख्ख. म्हणून मी रंग सगळे उलट्या बाजूवरून जुळवले. रेशीम मिळेना तेव्हा घरी रंगवलं, भांडी खराब केली, ह्यांची बोलणी खाल्ली.

आणि चुका! वालबुर्गानं डावीकडच्या हरणाला पाय तीनच काढलेत. चौथ्याला बिचारीला जागाच उरली नाही. वरची किनार कोपऱ्यात येऊन जुळत नाही, मग तिनं तिथं एक फूल कोंबलंय. आपला हात शिवशिवतो दुरुस्त करायला. पण या कामात चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवायची. सुधारलं की ते तिचं राहत नाही, असं फ्राऊ लोइबल म्हणायच्या. मी हरणाचे तीनच पाय भरले. भरताना मला ती पोर अगदी दिसायची, हिरमुसलेली, बाईंच्या धाकानं पुढं रेटत असलेली.

शेवटी एक नियम असतो. प्रत करणारीनं कोपऱ्यात आपलं नाव आणि साल घालायचंच, म्हणजे उद्या कुणी ते जुनं म्हणून विकू नये. सगळ्या बायका आपली जर्मन आद्याक्षरं घालतात. मी मराठीत घातलं. 'सुनेत्रा २०१६'. त्या 'त्र'नं मला रडवलं, दोनदा उसवला. फ्राऊ लोइबलना ती वेलबुट्टीच वाटली. नाव आहे म्हटल्यावर त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "सप्टेंबरच्या प्रदर्शनात हे वालबुर्गाच्या शेजारी लावायचं. खाली तुमच्या नावाची पाटी. पूर्ण नाव लिहून द्या मला."

लिहून दिलं. सुनेत्रा केळुसकर. दोनदा वाचून बघितलं हो मी. हसू नका. मुंबईत टेक्स्टाइल डिझाइन शिकले मी, वर्गात पहिली. लग्न करून इथं आले तर त्या डिग्रीला कुणी विचारलं नाही. हे मोटारींच्या ब्रेकचे इंजिनियर, आणि मी एकोणतीस वर्षं ब्रेकच्या इंजिनियरची बायको. डॉक्टरकडे, शाळेत, शेजारीपाजारी, कुठंही जा, ह्यांच्या मागून माझा नंबर. भिंतीवर एकदा तरी माझं एकटीचं नाव लागणार होतं. मला दुसरं काही नको होतं.

आणि हे स्काइपवर बसून ते अवनीच्या नावावर करून मोकळे झाले.

"अहो, तोंड उचललं आणि बोललात? जरा लाज?" स्काइप बंद झाल्या झाल्या मी म्हटलं.

"अगं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. टेबलावर मांडायचं, त्यांनी बघायचं, संध्याकाळी आपण गाडीत घालून घरी."

"रुखवत मुलीबरोबर जातं. माहीत नाही तुम्हाला?"

"विमानात माणशी तेवीस किलो नेता येतं. त्या काय सुपारीची सप्तपदी नेणार आहेत पुण्याला? सगळं इथंच टाकून जातील. मी स्वतः घेऊन येतो परत, झालं? फक्त ते कोपऱ्यातलं नाव तेवढं काढ."

"नाव काढायचं तर आधी कापड फाडा," मी म्हटलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती माझी.

शनिवारी अवनी म्युनिकहून आली. तिला म्हटलं, तूच सांग तुझ्या बाबांना. तिनं फोनवरून नजर न काढता खांदे उडवले. "मम्मा, इस्ट डोख एगाल." काय फरक पडतो, म्हणे. पोरगी मराठी सगळं समजते, पण उत्तर जर्मनमध्ये. लहानपणापासून हेच. मी मराठीत बोलत राहिले, ती जर्मनमध्ये फेकत राहिली. लोक म्हणायचे, हट्ट सोड. मी सोडला नाही. कधीतरी एक वाक्य येईल म्हणून वाट बघत राहिले.

"फरक पडतो. सप्टेंबरात ते माझ्या नावानं लागणार आहे."

"जा जा," ती म्हणाली. हे 'जा जा' म्हणजे जर्मन 'हो हो'. पण ऐकायला ते आपल्या 'जा जा'सारखंच वाटलं.

तरी मी मांडायला दिलं. का दिलं, तर एकच मुलगी. तनय चांगला मुलगा, इथल्याच येना शहरात संशोधन करतो, स्वभावानं गरीब. पण त्याची आई पुण्याहून एवढी येणार आणि रुखवतात मुलीच्या हातचं काही नाही म्हणून पहिल्याच दिवशी टोमणा बसायचा. म्हटलं, एक दिवस गिळू. नाव मात्र मी काढलं नाही.

लग्न जूनमध्ये, चर्चच्या सभागृहात झालं. भाड्यानं तेच स्वस्त आणि मोठं. मी पहाटे उठून लाडू वळलेले, चिवडा केलेला, साखरेचे हत्ती एका मैत्रिणीनं स्टुटगार्टहून पाठवलेले. मध्ये माझं मुस्टरटूख. ह्यांनी काय करावं? कोपऱ्यात माझ्या नावावर बरोब्बर एक सजवलेला नारळ आणून ठेवला! मी बघितलं, हे दुसरीकडे बघायला लागले. नारळ उचलायला गेले तोवर भटजींनी हाक मारली.

जेवणं झाल्यावर विहीणबाई रुखवत बघायला आल्या. बरोबर वऱ्हाडातल्या आठ-दहा बायका, तनयचे मामा व्हिडिओ काढत. सुलेखाबाई पैठणीत, डोळ्यांवर चष्मा. लाडू बघितले, हत्ती बघितले, मग माझ्या कापडाशी आल्या. वाकून वाकून बघितलं. "काय टाका आहे!" म्हणाल्या. आणि तेवढ्यात त्यांनी कोपरा नीट दिसावा म्हणून नारळ उचलला.

"सुनेत्रा," त्यांनी मोठ्यानं वाचलं.

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. ह्यांचा चेहरा पांढरा पडला. आणि मी, खोटं कशाला बोलू, मी सुटले. म्हटलं, चला, मी काही बोलले नाही, कापडच बोललं. आता काय व्हायचं ते होऊ दे.

सुलेखाबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा अवनीकडे. मग दोन्ही हात जोडून म्हणाल्या, "अगं बाई! आईचं नाव भरलंस होय गं? एवढं मोठं काम केलंस आणि आपलं नाव न घालता आईचं घातलंस? बघा गं, बघा. परदेशात वाढलेली पोर, पण काय संस्कार!"

बायकांच्या डोळ्यांत पाणी. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मामा फोन घेऊन अवनीसमोर उभे राहिले. "बोल बेटा, बोल."

अवनीनं माझ्याकडे बघितलं नाही. हिरव्या चुड्याचा हात कापडावर ठेवला आणि अगदी स्वच्छ, न अडखळता म्हणाली, "हो, मीच केलंय. मम्मासाठी."

सत्तावीस वर्षं मी त्या एका वाक्याची वाट बघितली होती. असं येणार होतं ते! आणि लगेच विहीणबाईंनी मला मिठी मारली, "भाग्यवान हो तुम्ही," आणि मग एकेक बाई येऊन मिठी मारायला लागली. मी उभी राहिले. हसलेसुद्धा. व्हिडिओत आहे ते हसू. आजही बघवत नाही मला.

संध्याकाळी हे टेबल आवरायला गेले आणि मान खाली घालून परत आले. सप्तपदी होती, हत्ती होते, लाडवांचा डबा होता. कापड नव्हतं. विहीणबाईंनी त्याची नीट घडी घालून पर्समध्ये ठेवलं होतं. तेवीस किलोंचा हिशेब सांगत होते ना? रेशमाच्या कापडाला वजन असतंय कुठं!

"उद्या बघू," हे म्हणाले.

"उद्या मी बघते," मी म्हटलं.

सकाळी आम्ही दोघं त्या उतरल्या होत्या त्या पेन्सिऑनवर, म्हणजे छोट्या लॉजवर, गेलो. सगळे नाश्त्याच्या खोलीत होते. सुलेखाबाई, त्यांच्या समोर तनय आणि अवनी, पलीकडच्या टेबलावर मामा-मामी. दुपारी त्यांना म्युनिकला विमान पकडायचं होतं. मी बसलेसुद्धा नाही. म्हटलं, "सुलेखाताई, मला तुमच्याशी सरळ बोलायचंय. ते भरतकाम अवनीचं नाही. माझं आहे. तीन वर्षं बसून केलंय. सप्टेंबरात ते प्रदर्शनात लागणार आहे, माझ्या नावानं. मला ते परत हवंय."

ह्यांनी डोळे मिटून घेतले. अवनीच्या हातात पाव तसाच राहिला. आणि सुलेखाबाई? त्यांनी शांतपणे चहाचा घोट घेतला.

"अहो, ते काय मला कळलं नाही?" त्या म्हणाल्या. "ती बोटं सुई धरणाऱ्या मुलीची आहेत का? मी बघताक्षणी ओळखलं. तुम्ही नाव ठेवलंत तसंच, म्हणून तर मला पटकन काहीतरी बोलावं लागलं. नाहीतर पोरगी सगळ्यांसमोर खोटी पडली असती. तुमचीच पोरगी."

मी थक्कच झाले. म्हणजे त्यांना माहीत होतं. उभं राहून, हात जोडून, बायकांच्या डोळ्यांत पाणी आणून त्या सगळ्यांसमोर ते बोलल्या होत्या, माहीत असून!

"माझ्या रुखवतात मोराचा रुमाल होता," त्या पुढे म्हणाल्या. "माझ्या मामीनं केलेला. सगळ्यांच्याच रुखवतात असंच असतं हो. कुणाची मामी, कुणाची शेजारीण. पण एकदा मांडलं की ते मुलीचं. आजही आमच्याकडे 'सुलेखाचा मोर' म्हणतात त्याला. मामी जाईपर्यंत कधी एका शब्दानं बोलली नाही."

"तिला कुणी विचारलं होतं का?" मी म्हटलं.

त्यांनी कप खाली ठेवला. मग त्यांचा आवाज बदलला. "हे बघा, तो व्हिडिओ काल रात्रीच पुण्याला गेला. सगळ्या घरानं बघितला. आता तुमच्या नावाची पाटी लागणार, तिचे फोटो निघणार, आणि माझी सून लग्नाच्या मांडवात खोटं बोलली असं लोक म्हणणार. तिनं कुठल्या तोंडानं यायचं आमच्याकडे? तरी मी अडवणारी कोण? वस्तू अवनीची आहे." त्यांनी पर्समधून कापड काढलं आणि बशा बाजूला सारून अवनीसमोर ठेवलं. "देतेस आईला? दे. माझं काही म्हणणं नाही."

बाई मोठी हुशार. पण खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा राग आला नाही. मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटला प्रश्न. आता अवनीनं फक्त हात पुढे करायचा. जर्मनमध्ये बोल, खुणेनं दे, कसंही दे.

पलीकडच्या टेबलावरचे मामा-मामी खायचे थांबले होते. तनय हळूच म्हणाला, "दे ना अवनी." सुलेखाबाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि तो बशीतल्या चीजकडे बघायला लागला.

अवनीनं माझ्याकडे बघितलं. लहानपणी काही मोडलं की अशीच बघायची. मी म्हटलं, "बाळा, तुला माहीत आहे ते काय आहे माझ्यासाठी."

"हो," ती म्हणाली. मग तिनं कापड उचललं, नीट घडी मोडू न देता, आणि सासूच्या हातात परत दिलं. "पण ते माझं आहे, मम्मा. मला लग्नात मिळालंय."

दुसरं मराठी वाक्य. तेही शुद्ध. सुलेखाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हे माझा दंड धरून "चल, चल" म्हणत होते. मी हात झटकला आणि एकटी बाहेर आले.

पार्किंगमध्ये ती मागून धावत आली, साडी वर धरून, रडत. जर्मनमध्ये सुरू. मम्मा, समजून घे, सगळे बघत होते, पहिलाच दिवस आहे, तू काय, तू दुसरं करशील, तुझ्याकडे तो नकाशा आहेच. मी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हटलं, "तुला जन्म दिला तेव्हा मी माझं सगळं बाजूला ठेवलं होतं. तू मागितलं नव्हतंस, मीच ठेवलं. हे एक ठेवलं नव्हतं. तेही तू घेतलंस, आणि मागून नाही, चारचौघांत माझ्यासमोर हिसकावून घेतलंस." जिव्हारी लागलं तिला. लागू दे. मी गाडीत जाऊन बसले. ती खिडकीवर टकटक करत राहिली, मी काच खाली केली नाही.

दुसरं करेन? डोंबल करेन! ग्राफ पेपरची गुंडाळी मी त्याच दिवशी कपाटाच्या वर टाकली. मी काही चाळीस वर्षांची नाही आता, डोळे कुठं राहिलेत तेवढे? आणि हे, ज्यांच्या तोंडातून हे सगळं निघालं, ते संध्याकाळी विचारतात, "जेवायला काय आहे?" लाडू आहेत म्हटलं, खा.

ऑगस्टमध्ये फ्राऊ लोइबल यांचा फोन आला. पाटी छापून आली होती. कापड कधी आणून देणार, विचारत होत्या. मी दोन महिने गुरुवारी गेले नव्हते, काहीबाही कारणं सांगितली होती. आता सांगावंच लागलं. ते आता माझ्याकडे नाही, म्हटलं. लग्नात मुलीला गेलं.

"अरे वा! छानच की," त्या मनापासून म्हणाल्या. "मग त्यात काय अडचण? वालबुर्गाचं पण लग्नातच गेलं असणार. दोन महिन्यांसाठी मागून घ्या. पार्सलनं येईल."

"ते पुण्यात आहे. आणि ते तिचं आहे आता."

"हो, पण तुम्ही केलेलं आहे ना? मी बघितलंय तुम्हाला करताना. सगळ्यांनी बघितलंय. तिला सांगा, पाटीवर तुमचं नाव आहे." त्या हसल्या. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि त्यांना कसं कळावं? "मुलगीच तर आहे तुमची, फ्राऊ केळुसकर. ती काय नाही म्हणणार आहे? एकदा विचारून तर बघा."

"विचारलं," मी म्हटलं.